एवढ्याशा पोटाचं गणित

मैत्रिणींनो, कुत्र्याचं पिल्लू घरात कोण आणतं आणि त्याला खायला कोण घालतं, या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक घरांत वेगवेगळी असतात. आणतात मुलं. नाहीतर मुलांच्या हट्टापुढे मान तुकवून घरचे पुरुष. पहिले चार दिवस सगळ्यांचे हात त्याच्या पाठीवरून फिरत असतात. पाचव्या दिवशी शाळा, दुकान, ऑफिस जिथल्या तिथे सुरू होतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक कापसाचा गोळा तुमच्याकडे टकामका बघत बसलेला असतो. म्हणून हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी. मुलांनी वाचलं तर उत्तमच, पण वाटी शेवटी आपल्याच हातात येते.

गेल्या डिसेंबरात आमच्याकडे शिरूरला आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे दौंडला एकाच वेताची दोन पिल्लं आली. दौंड हे जंक्शनचं गाव. बहिणीच्या ओळखीतल्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये पांढरीशुभ्र कुत्री व्याली होती. दोन महिन्यांची झाल्यावर एक बहिणीने घेतलं, एक माझ्या मुलाने पिशवीत घालून एसटीने शिरूरला आणलं. आपल्याकडे अशा कुत्र्याला सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतात. खरं तर यांतले बहुतेक ‘इंडियन स्पिट्झ’ असतात, आपल्याच देशात वाढलेली जात. १९९४ साली आलेल्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो ना? तोही स्पिट्झच. नाव काही घ्या, अंगाने ही कुत्री लहानच राहतात. आमचा चिनू घरी आला तेव्हा बरोबर एक किलो भरला. भाजीच्या परडीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी स्वतः तोलला.

दोन्ही भाऊ सारखे, वजन जवळपास सारखं. महिन्याभरात मात्र असा फरक पडला की एकाच आईची आहेत यावर कुणी विश्वास ठेवला नसता. चिनू दीड किलोच्या वर गेला होता आणि दौंडचा बिट्टू जेमतेम अकराशे ग्रॅमवर अडकला होता. यात माझी हुशारी काही नाही, बरं का. मी दिवसभर घरी असते आणि बहीण सकाळी साडेनऊला कुलूप लावून नोकरीला जाते, हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं कारण वाटीत होतं.

बहिणीच्या घरी वाटीत काय होतं? जे आपल्या आज्या-पणज्या वर्षानुवर्षं घालत आल्या तेच: दूध-पोळी. तेही दूध जड पडेल म्हणून त्यात निम्मं पाणी. तिच्या सासूबाई मायाळू बाई. दोन वेळा न चुकता वाटी भरत. बिट्टू दूध चाटूनपुसून पिई आणि पोळी तशीच राही. पोट टम्म दिसायचं, त्यामुळे सगळ्यांना वाटे, जेवला. गल्लीतल्या मोत्या-वाघ्या दूध-पोळीवर जगली, मग याला काय धाड भरली?

गल्लीतला मोत्या दूध-पोळीवर जगत नाही, हे पहिलं. तो चार घरी खातो, उकिरडा फुंकतो, खाटकाच्या दुकानामागे फेरी मारतो, उंदीर-घूसही सोडत नाही. आपण पाहतो ती फक्त आपल्या दारची पोळी. घरात कोंडलेल्या किलोभराच्या पिल्लाला तुमच्या वाटीशिवाय दुसरं दार नाही.

आता दुधाचं बघा. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीहून जास्त असतात, आणि दुधातली साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती कमी. म्हणजे गाईचं दूध त्याच्या आईच्या दुधापुढे आधीच पातळ. त्यात आपण पाणी घालतो. वर ही साखर दूध सुटलेल्या अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात. दोन महिन्यांच्या किलोभर पिल्लाला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात. तुम्ही म्हणाल, दोनशे म्हणजे काहीच नाही! पण वजनाच्या मानाने हिशेब केलात तर हे तुमच्या-माझ्या गरजेच्या पाचपटीहून अधिक होतं. पाणी घातलेल्या दुधातून एवढं मिळवायचं तर त्याने अर्धा लिटर प्यायला हवं. ज्याचं अख्खं वजन एक किलो, तो अर्धा लिटर कुठे पिणार?

जानेवारीतली गोष्ट. बहिणीच्या घरी जवळचं लग्न होतं, सगळे रात्री उशिरा परतले. बिट्टूने संध्याकाळी दोन घोट दूध घेतलं होतं, नंतर काही नाही. थंडी तर तुम्हाला माहीतच आहे. भीमेकाठचा गार वारा दाराच्या फटीतून आत येतो. सकाळी पाहिलं तर तो गोणपाटावर आडवा पडलेला. उचललं तर मान टाकली. पाय गार, हिरड्या पांढुरक्या, मधूनच अंगाला झटका. बहिणीने रडत मला फोन लावला, “ताई, हा जातो गं!” मी तिला फोन ठेवायला सांगून आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं आणि पुन्हा तिला लावला. ते म्हणाले होते, “साखरेचं दाट पाणी करा, बोटाने हिरड्यांना आणि जिभेखाली चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. फडक्यात गुंडाळून ऊब द्या आणि तसंच दवाखान्यात न्या.” तिने तसं केलं. दहा-पंधरा मिनिटांत त्याने डोळे उघडले, तासाभरात तो दवाखान्याच्या टेबलावर उभा होता. मध असता तर तोही चालला असता.

रक्तातली साखर एकदम उतरली होती. लहान जातीच्या पिल्लांना हा धोका फार. त्यांचं यकृत एवढंसं, त्यात साखरेचा साठा एवढासा, अंगावर चरबी नाही, आणि मेंदूला तर साखर सतत हवी. मोठ्या जातीचं पिल्लू एक रात्र उपाशी राहिलं तर सकाळी ओरडून घर डोक्यावर घेईल. हे ओरडत नाही, हे विझत जातं. थंडी, जंत, जुलाब, प्रवास यांतलं एखादं कारण उपासाच्या जोडीला आलं की झालंच. बिट्टूला थंडी होती, जुलाब होते आणि पोटात जंतही निघाले. ते टम्म पोट जेवणाचं नव्हतंच.

त्या दिवशी दौंडच्या घरात जे बोलणं झालं ते तुमच्याही घरी कधीतरी होईल, म्हणून सांगते. सासूबाईंना वाटलं, आपल्यावर ठपका येतोय. मेहुण्यांना वाटलं, कुत्र्याला वेगळं विकतचं अन्न म्हणजे चोचले. बहीण दोघांच्या मध्ये. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पहिल्यांदा सासूबाईंजवळ बसले. म्हटलं, “आई, तुम्ही घातलंत म्हणून तो इतके दिवस तगला. आता फक्त काय घालायचं ते बदलू.” त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी दाणे भिजवायला वाटी त्यांनीच मांडली.

हो, दाणे. मी विकतचं कोरडं खाद्य घालते. तयार खाद्याची भक्त मी नाही. पापड-लोणचीसुद्धा घरची लागतात मला. पण पिल्लाच्या बाबतीत घरचं जेवण तोलणं फार अवघड आहे. तुम्ही म्हणाल, कोंबडी-भात घालू. नुसत्या कोंबडीच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि चुना म्हणजे कॅल्शियम जवळजवळ नाहीच. वाढत्या हाडांना दोन्ही लागतात, आणि कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत असावं लागतं. अंदाजाने कॅल्शियमची पावडर वर भुरभुरली तर तीही जास्त होऊन बाधते. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून मापासकट लिहून घ्या. नाहीतर पिल्लूपणापुरतं तयार खाद्य बरं.

आमच्या सासूबाई माळकरी. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. चिनू आला तेव्हा पहिला प्रश्न तोच होता, आणि तो मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. कुत्रा माणसाबरोबर राहून धान्य पचवायला शिकला आहे हे खरं; पण वरण-भातावर त्याचं पिल्लू नीट वाढत नाही हेही तितकंच खरं. कोरड्या खाद्याने आमची वाट निघाली. डबा मागच्या पडवीत, वाटी-चमचा वेगळा, स्वयंपाकघराशी संबंध नाही. सासूबाईंनी एकदाच विचारलं, “त्यात काय असतं?” मी खरं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते त्याचं अन्न. माझ्या ओट्यावर आणू नकोस म्हणजे झालं.” खोटं सांगून घातलेलं मला तरी गोड लागलं नसतं.

दुकानात गेलात की पिशव्यांची भिंतच समोर उभी राहते. चित्रं बघू नका, पिशवी उलटी करा. पहिलं, ते ‘पपी’साठी, वाढीच्या वयासाठी आहे का. दुसरं, ते संपूर्ण आहार आहे की नुसता खाऊ. काड्या, चघळायचे तुकडे, कुत्र्यांची बिस्किटं हा सगळा खाऊ. त्यावर पिल्लू वाढत नाही. तिसरं, आकडे. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेने वाढत्या पिल्लांसाठी, पाण्याचा अंश सोडून, प्रथिनं कमीत कमी साडेबावीस टक्के आणि स्निग्धांश साडेआठ टक्के असं प्रमाण धरलं आहे. लहान जातीच्या पिल्लाला याहून थोडं वरचं बरं. ओलं खाद्य पाऊचमध्ये मिळतं, त्यावर प्रथिनं आठ टक्केच लिहिलेली दिसली म्हणून नाक मुरडू नका. त्यात पाणीच ऐंशी टक्के असेल तर उरलेल्या वीसांतले आठ, म्हणजे चाळीस टक्के झाले.

‘स्मॉल ब्रीड’ हे शब्द पिशवीवर असले तर चांगलं, कारण दाणे बारीक असतात. या जबड्यात मोठा दाणा मावत नाही. मग पिल्लू तो गिळतं किंवा सोडून देतं. तेवढ्याच घासात ताकदही थोडी जास्त असते. पण लहान गावात ही पिशवी नेहमी मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर साधं पपी खाद्य कोमट पाण्यात भिजवून बोटाने मऊ करा. पहिल्या दहा-बारा आठवड्यांपर्यंत तसंही भिजवूनच द्यायचं. दुधात भिजवू नका.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. किराणा दुकानात खाद्याचं मोठं पोतं उघडं ठेवलेलं असतं, त्यातून पाव-अर्धा किलो कागदात बांधून देतात. स्वस्त पडतं, पण ते पोतं कधी फोडलं, त्यावर तारीख काय, कोण सांगणार? उघड्यावर त्यातली चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. बंद छोटी पिशवी घ्या, घरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात भिजवलेलं खाद्य अर्ध्या तासाच्या वर वाटीत राहू देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर इथे लहान जातीचा फायदाच आहे. किलोभराच्या पिल्लाला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. म्हणजे एक किलोची पिशवी सोळा ते वीस दिवस. मेहुण्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला, बिट्टूच्या दुधाचा महिन्याचा खर्च त्याच्या शेजारी मांडला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. पुन्हा चोचल्यांचा विषय निघाला नाही.

पण खरा खर्च वेळेचा आहे. तीन महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोनदा. त्यातला शेवटचा घास रात्री झोपताना आणि पहिला उठल्या उठल्या. पिल्लू घरात येण्याआधीच हे चार घास कुणाचे, हे ठरवून घ्या. आमच्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलं आहे: सकाळचा ह्यांचा, दुपारचा माझा, संध्याकाळचा मुलाचा, रात्रीचा पुन्हा ह्यांचा. मुलगा दोनदा विसरला. मी त्याला खेळातून हाक मारून बोलावलं, पण वाटी स्वतः भरली नाही. कठोर वाटेल, पण आपण एकदा भरली की ती कायमची आपली.

आणि घर नऊ ते सहा बंद राहणार असेल, शेजारी किल्ली ठेवण्यासारखं कुणी नसेल, तर दोन महिन्यांचं असलं नाजूक पिल्लू घेऊ नका. ‘नको’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. चार-पाच महिने पुढचं घ्या. किंवा दाराशी घुटमळणारं गावठी पिल्लू थोडं मोठं झाल्यावर घरात घ्या. उन्हाळा आणि गैरसोय दोन्ही ते जास्त सोसतं. शिरूर-दौंडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे पांढऱ्या लोकरीचे गोळे कसे धापा टाकतात ते पाहिलं की मला नेहमी वाटतं, हौस आपली आणि घाम त्यांचा. घाम तरी कुठला, तो त्यांना पंजांखेरीज येतच नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरातलं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात; कच्चा, शिजलेला, वाटणातला, सगळा सारखाच. तेव्हा रविवारच्या रश्श्यात पोळी कुस्करून घालणं बंद. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे सुईसारखे तुकडे निघतात. द्राक्षं आणि मनुका-बेदाणे मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. जुन्नरची द्राक्षं हंगामात इथे गाडीगाडीवर असतात आणि मनुका तर प्रसादाच्या शिऱ्यातही असतात, तेव्हा ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ हे कुत्र्याला लावू नका. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं दाखवलं. हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटीही दूरच ठेवा. चॉकलेट नको हे आता मुलांनाही ठाऊक असतं. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम मात्र फार कुणाच्या ध्यानात नसतं. त्याने तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्किट ही आपल्याकडची सगळ्यात मोठी सवय. नावात ग्लुकोज आहे म्हणून ताकदीचं नव्हे, मैदा आणि साखर आहे ते. एवढ्याशा पोटात दोन बिस्किटं गेली की खऱ्या जेवणाला जागा राहत नाही. वरचं जे काही द्याल, ते दिवसाच्या जेवणाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा: पाव उकडलेलं अंडं, चमचाभर दही, पनीरचा बोराएवढा तुकडा, उकडलेलं गाजर. दह्यात ती दुधाची साखर बरीच कमी झालेली असते, म्हणून बहुतेकांना सोसतं.

जुनं खाद्य एकदम बंद करून नवं सुरू करू नका. आठवडा-दहा दिवस दोन्ही मिसळून, नव्याचा वाटा वाढवत न्या. बिट्टूचं आम्ही असंच केलं, शिवाय जंताचं औषध डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी. एक लक्षात ठेवा: पिल्लू ओकतंय, जुलाबात रक्त आहे, खाणं टाकलंय, तर ‘खाद्य बदललं म्हणून असेल’ असं म्हणून घरी बसू नका. तो पार्व्हो असू शकतो आणि त्यात एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस झाली आहे की नाही, हे पिल्लू घेतानाच विचारून घ्यावं.

दर रविवारी काट्यावर ठेवायचं आणि आकडा लिहायचा. लोकर एवढी असते की नुसतं बघून काही कळत नाही. बोटं लोकरीत घालून बरगड्या चाचपायच्या. हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, टोचता कामा नयेत. दहा ते बारा महिन्यांत लहान जातीची वाढ पुरी होते, तेव्हा मोठ्या कुत्र्याच्या खाद्यावर आणायचं; नाहीतर तेच पपी खाद्य अंगावर चढतं. दुधाचे दात त्याआधीच पडायला हवेत. या जातींत ते अडून बसतात आणि नवे त्यांच्या शेजारी उगवतात, म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात एकदा तोंड उघडून पाहा.

बिट्टूला आता पाचवा महिना लागलाय. गेल्या रविवारी बहिणीने काट्याचा फोटो पाठवला: दोन किलो आठशे. आमच्या चिनूपेक्षा अजून दोनशे ग्रॅम मागे, पण बरगड्या ठीक आहेत. दुपारचा घास शेजारच्या आजी घालतात, त्यांच्याकडे किल्ली असते. तिच्या सासूबाई मात्र रात्रीच्या वाटीवर स्वतःच्या हाताने चमचाभर दही घालतात. बहीण विचारत होती, घालू दे का? मी म्हटलं, घालू दे, चमचा फक्त चहाचा ठेव.